मार्चचे गुण, जुलैचे गुण : एकाच विद्यार्थ्याच्या दोन परीक्षांची तुलना

कारंजा लाड हे वाशीम जिल्ह्यातील गाव बहुतेकांना नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून परिचित आहे. अपभ्रंश साहित्याच्या अभ्यासकांना ते आणखी एका कारणाने ठाऊक असते. येथील जैन मंदिरांच्या ग्रंथभांडारांत शतकानुशतके हस्तलिखिते जतन झाली आणि १९३०च्या दशकात ‘कारंजा जैन ग्रंथमाले’तून काही ग्रंथ छापून बाहेर आले. प. ल. वैद्य यांनी संपादित केलेले पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ १९३१ साली आले, तर हीरालाल जैन यांनी संपादित केलेले ‘णायकुमारचरिउ’ १९३३ साली.

अशा संपादनाचा पहिला नियम साधा असतो. एकाच ग्रंथाच्या दोन प्रती समोर ठेवायच्या आणि ओळीसमोर तीच ओळ आणून ताडून पाहायची. एका प्रतीचे एकूण वळण आणि दुसऱ्या प्रतीचे एकूण वळण यांची तुलना करून पाठभेद सापडत नाहीत. ते सापडतात ते त्याच कडव्यातील त्याच शब्दाशी. दोन परीक्षांच्या गुणांची तुलना करतानाही नेमका हाच नियम लागतो. तो आकड्यांच्या भाषेत मांडला जाण्याचा इतिहास डब्लिन, लंडन आणि पुणे असा फिरतो आणि त्यात सातारा जिल्ह्यातील एका माणसाचाही वाटा आहे.

आधी प्रश्न नीट समजून घ्यायला हवा. दहावीत ३५ गुणांची रेषा ओलांडता आली नाही, की विद्यार्थी फेरपरीक्षेला बसतो. २०१५पासून ही परीक्षा जुलैच्या सुमारास होऊ लागली. त्याआधी ती पावसाळा सरताना होत असे आणि ‘ऑक्टोबर’ हे महिन्याचे नाव कित्येक घरांत हळू आवाजात उच्चारले जाई. समजा, कारंज्यातील एखाद्या शाळेतील दहा मुले मार्चमध्ये गणितात नापास झाली. शिक्षकांनी त्यांच्यासाठी मे-जूनमध्ये जादा तास घेतले आणि जुलैमध्ये ती पुन्हा परीक्षेला बसली. त्यांचे गुण वाढले. ही वाढ खरी म्हणायची की योगायोगाची? आणि खरी असेल, तर तिचे श्रेय जादा तासांना देता येईल का? हे दोन प्रश्न एकच वाटतात, पण ते एक नाहीत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर १९०८ साली मिळाले, तेही दारूच्या कारखान्यातून. विल्यम सीली गॉसेट हे डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मितीगृहात नोकरीला होते. बार्ली, हॉप्स आणि किण्वन यांच्या चाचण्या महागड्या असत, त्यामुळे हाती येणारी निरीक्षणे चार-दहाच असायची. त्या काळचे संख्याशास्त्र मात्र शेकड्या-हजारांच्या नमुन्यांवर उभे होते. इतक्या थोड्या निरीक्षणांच्या सरासरीवर किती भरवसा ठेवावा, हा गॉसेट यांचा रोजचा प्रश्न होता. १९०६-०७मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात कार्ल पिअर्सन यांच्याकडे राहून त्यांनी त्यावर काम केले आणि ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात लेख प्रसिद्ध केला. कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या नावाने संशोधन छापू नये, असा कंपनीचा दंडक होता. म्हणून त्यांनी टोपणनाव घेतले : ‘स्टुडंट’, म्हणजे विद्यार्थी. आज जगभर विद्यार्थ्यांच्या गुणांना लावली जाणारी ‘स्टुडंटची टी-चाचणी’ या टोपणनावावरून ओळखली जाते. शाळा-परीक्षांशी त्या नावाचा संबंध निव्वळ योगायोगाचा.

त्या लेखातील पहिले उदाहरण झोपेच्या औषधांचे होते. दहा रुग्णांना आळीपाळीने दोन औषधे देऊन किती तास जास्त झोप लागली हे मोजलेले आकडे गॉसेट यांनी १९०५ सालच्या एका वैद्यकीय लेखातून घेतले. (औषधांची नावे त्यांच्या लेखात चुकीची आली होती, पण आकड्यांचे गणित त्याने बिघडत नाही.) पहिल्या औषधाने सरासरी ०.७५ तास, दुसऱ्याने २.३३ तास झोप वाढली. अंतर १.५८ तासांचे. रुग्णारुग्णांत मात्र प्रचंड तफावत होती. कुणाची झोप पहिल्या औषधाने दीड तासाहून अधिक घटली होती, तर कुणाची साडेतीन तासांहून अधिक वाढली होती. दोन्ही रांगा वेगवेगळ्या मानून तुलना केली, तर या तफावतीच्या गोंगाटात १.५८चे अंतर बुडून जाते. औषधांत काहीच फरक नसतानाही एवढे अंतर शंभरात सुमारे आठ वेळा दिसू शकते, असे उत्तर येते.

आता रुग्णासमोर तोच रुग्ण ठेवायचा. प्रत्येकाच्या दोन आकड्यांची वजाबाकी केली, की दहा फरक उरतात : १.२, २.४, १.३, १.३, ०, १.०, १.८, ०.८, ४.६ आणि १.४. कुणाला मुळातच गाढ झोप लागते आणि कुणाला लागत नाही, ही बाब वजाबाकीत निघून जाते. फरकांची सरासरी १.५८, त्यांचे प्रमाण विचलन १.२३. विचलनाला दहाच्या वर्गमुळाने भागले, की सरासरीतील संभाव्य चूक येते : सुमारे ०.३९. सरासरी या चुकीच्या चौपटीहून थोडी अधिक, म्हणजे ४.०६ पट भरते. ‘दोन औषधांत फरक नाही’ हे गृहीतक खरे असते, तर इतके मोठे अंतर हजारात तीनच वेळा दिसले असते. आकडे तेच, रुग्ण तेच. फक्त जोड्या लावल्याने शंभरात आठचे हजारात तीन झाले. खुद्द गॉसेट यांनी निष्कर्ष घोड्यांच्या शर्यतीच्या भाषेत मांडला : दुसरे औषध सरस असल्याची बाजू ६६६ विरुद्ध १.

‘फरक नाही’ या विधानाला शून्य परिकल्पना म्हणतात. चाचणी ती सिद्ध करत नाही. ती खरी मानून पुढ्यातले आकडे किती आश्चर्यकारक ठरतात, एवढेच सांगते. रोनाल्ड फिशर यांनी १९२५च्या आपल्या पाठ्यपुस्तकात हेच झोपेचे आकडे वापरले आणि विसात एक ही मर्यादा सोयीची म्हणून रूढ केली. संख्याशास्त्राचे विद्यार्थी तिला आज जवळजवळ निसर्गनियम मानतात. खरे तर तीही ३५ गुणांसारखीच कुणीतरी आखलेली रेषा आहे.

झोपेऐवजी गुण ठेवले, की कारंज्याच्या कल्पित वर्गाचा पहिला प्रश्न सुटतो. प्रत्येकाच्या जुलैच्या गुणांतून मार्चचे गुण वजा करायचे आणि फरकांची सरासरी शून्यापासून किती दूर आहे ते पाहायचे. फरकांत एखादाच अवाढव्य आकडा असेल, तर १९४५ साली फ्रँक विल्कॉक्सन यांनी सुचवलेली क्रमांकांवरची चाचणी अधिक भरवशाची. अवघड भाग यापुढचा आहे.

परीक्षेतील गुण म्हणजे काय मोजले जाते? फ्रान्सिस एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने हा प्रश्न १८८८ ते १८९० या काळात गांभीर्याने विचारला. इंडियन सिव्हिल सर्व्हिसची निवडही तेव्हा लेखी परीक्षेवरच होत असे. लॅटिन गद्याचा एकच उतारा २८ परीक्षकांनी तपासला, तेव्हा त्यांनी दिलेले गुण ४५पासून १००पर्यंत पसरले. आपल्याकडे प्रशांतचंद्र महालनोबीस यांचे संख्याशास्त्रातील पहिले पाऊलही परीक्षेच्या निकालांतूनच पडले. ब्रजेन्द्रनाथ सील यांनी त्यांना कलकत्ता विद्यापीठाच्या परीक्षांच्या आकडेवारीचे विश्लेषण करायला सांगितले होते.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांना अधिक बोचणारा पुरावा मात्र १९३५चा आहे. सर फिलिप हार्टोग आणि संख्याशास्त्रज्ञ ई. सी. ऱ्होड्स यांनी शालान्त परीक्षेच्या इतिहास विषयाच्या १५ उत्तरपत्रिका निवडल्या. मूळ तपासणीत त्या सर्वांना सारखेच, मध्यम गुण मिळाले होते. त्या १५ अनुभवी परीक्षकांना स्वतंत्रपणे तपासायला दिल्या. नंतर, १२ ते १९ महिने उलटल्यावर, त्यांतील १४ परीक्षकांना त्याच उत्तरपत्रिका पुन्हा दिल्या. चौदा परीक्षक आणि पंधरा उत्तरपत्रिका, म्हणजे २१० जोड्या. नापास, पास की विशेष पास, हा निवाडा त्यांपैकी ९२ जोड्यांत बदलला. विद्यार्थी तोच, उत्तर तेच, हस्ताक्षर तेच आणि परीक्षकही तोच असताना शंभरातील सुमारे ४४ निवाडे दुसऱ्या वेळी वेगळे आले. सरासरीवर आधारलेली चाचणी असे बदल सहज झाकू शकते, कारण काहींचे वर जाणे आणि काहींचे खाली येणे परस्परांना छेदते आणि सरासरी जागची हलत नाही.

तेव्हा गुणांत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात : विद्यार्थ्याची तयारी आणि त्या दिवसाचा योग. कोणते प्रश्न आले, ताप होता का, उत्तरपत्रिका कुणाच्या हाती कोणत्या वेळी पडली. आता फेरपरीक्षेला कोण बसते ते पाहावे. ज्यांना मार्चमध्ये ३५पेक्षा कमी मिळाले, तेच. या गटात तयारी कमी असलेले असतात, तसे त्या दिवशी योग वाईट असलेलेही असतात. तयारी जुलैपर्यंत फारशी न बदलता राहू शकते, वाईट योग मात्र दरवेळी त्याच माणसाच्या वाट्याला येत नाही. म्हणून जादा तास न घेता, एक धडाही न शिकवता याच मुलांची पुन्हा परीक्षा घेतली, तरी त्यांची सरासरी वर सरकेल. त्याच वर्गातील ९०च्या वर गुण मिळवणाऱ्यांना पुन्हा बसवले, तर त्यांची सरासरी खाली येईल. तेव्हा मात्र शिक्षकांनी त्यांचे नुकसान केले असे कुणी म्हणणार नाही.

या सरकण्याचा शोध फ्रान्सिस गॉल्टन यांनी आनुवंशिकतेच्या अभ्यासात लावला. १८८६च्या लेखात त्यांनी २०५ दांपत्यांच्या ९२८ प्रौढ अपत्यांच्या उंचीची नोंद मांडली. फार उंच आईवडिलांची मुले सरासरीने त्यांच्याहून कमी उंच निघाली आणि फार ठेंगण्यांची थोडी उंच. उलट दिशेने पाहिले तरी तेच : फार उंच अपत्यांचे आईवडील सरासरीने अपत्यांहून कमी उंच होते. मुलांमुळे आईवडिलांची उंची कमी झाली असे काही नाही. टोकाची निवड केली, की जोडीतील दुसरा आकडा मध्याकडे परततो, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणजे नापासांच्या मार्च-जुलै गुणांवर जोडीची चाचणी लावली आणि तिने ‘वाढ योगायोगाची नाही’ असे सांगितले, तर ते चुकीचे नसते. फक्त ते उत्तर पहिल्या प्रश्नाचे असते. ते दुसऱ्या प्रश्नाखाली लिहिले, की जादा तासांचा, शिकवणीचा किंवा एखाद्या नव्या योजनेचा विजय कागदोपत्री आपोआप साजरा होतो. त्यावर उपाय आहे. नापास झालेल्या मुलांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत, एका गटाला जादा तास द्यावेत, दोघांचीही फेरपरीक्षा व्हावी आणि मग दोन गटांतील वाढीची तुलना करावी. मध्याकडे परतणे दोन्ही गटांत सारखेच असेल. त्यावर जे उरेल ते तासांचे.

चिठ्ठ्या टाकणे ऐकायला सोपे वाटते. माणसाचे मन त्यात कसे आडवे येते, याची कथा पुन्हा गॉसेट यांनीच सांगितली आहे. १९३० साली स्कॉटलंडच्या लॅनर्कशायर परगण्यातील ६७ शाळांत शासनाने दुधाचा प्रयोग केला. दहा हजार मुलांना चार महिने रोज पाऊण पाइंट दूध मिळाले, दहा हजारांना मिळाले नाही. फेब्रुवारीत आणि जूनमध्ये सर्वांचे वजन-उंची मोजली. निवड चिठ्ठीने किंवा आडनावांच्या अक्षरक्रमाने व्हायची होती. पण एखाद्या गटात सुदृढ किंवा अशक्त मुले जास्त वाटली, तर अदलाबदल करण्याची मुभा शिक्षकांना होती. शिक्षकांनी जे केले ते कुणीही केले असते : ज्यांना दुधाची गरज दिसली त्या मुलांकडे दूध वळले. परिणामी दूध न मिळालेला गट सुरुवातीपासूनच वजनाने आणि उंचीने वरचढ ठरला. शिवाय फेब्रुवारीत वजन जाड कपड्यांसकट झाले आणि जूनमध्ये उन्हाळी कपड्यांत. सुखवस्तू मुलांच्या अंगावरून उतरायला भरपूर कपडे होते, गरीब मुलांच्या अंगावर हिवाळ्यातही मोजकेच. दोन वजनांतील फरकात दूध किती आणि लोकर किती, हे सांगणे अवघड झाले.

१९३१ साली गॉसेट यांनी या प्रयोगाची चिकित्सा प्रसिद्ध केली. तिचा सूर उपहासाचा नाही. शिक्षकांच्या करुणेला त्यांनी दोष दिला नाही. त्यांचा पर्याय मात्र धक्कादायक साधा होता. वीस हजार मुलांऐवजी एकरूप जुळ्यांच्या पन्नास जोड्या घ्याव्यात, जोडीतील कुणाला दूध द्यायचे ते नाणे उडवून ठरवावे. थोड्याशा खर्चात अधिक विश्वासार्ह उत्तर मिळेल.

जोड्यांचा आणखी एक दोष कोष्टकात दिसतच नाही. मार्चमध्ये नापास झालेली मुलगी जुलैत बसलीच नाही, तर तिची जोडी तयार होत नाही आणि वजाबाकीतून ती गळून पडते. कुणाचे लग्न ठरलेले असते, कुणी कामाला लागलेला असतो. उरलेल्यांची वाढ मोजताना गेलेल्यांचा हिशोब राहून जातो. योगायोग असा, की याच गळतीला भारताच्या शैक्षणिक इतिहासात नाव दिले ते हार्टोग यांच्याच समितीने. ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू असलेल्या हार्टोग यांच्या अध्यक्षतेखाली १९२९ साली आलेल्या अहवालात मधूनच शाळा सुटणे आणि एकाच इयत्तेत वर्षानुवर्षे अडकणे यांची चर्चा झाली. शिक्षणशास्त्राच्या मराठी पुस्तकांत ती ‘गळती आणि स्थगिती’ म्हणून अजून शिकवली जाते. सहा वर्षांनी उत्तरपत्रिका दुसऱ्यांदा तपासून घेणारे हार्टोग हेच.

त्याच वर्षांत लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात एक मराठी विद्यार्थी संशोधन करत होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते १९३३मध्ये लंडनला गेले. तिथे एकाच इमारतीत फिशर आणि इगॉन पिअर्सन असे दोन विरोधी तंबू होते. पिअर्सन यांच्या बाजूला येझी नेमन आले होते आणि सुखात्म्यांचे डॉक्टरेटचे काम त्यांच्याच परंपरेतले. तरीही त्यांनी पुढे हात घातला तो फिशर यांच्या प्रश्नाला. जोड्या नसतील, दोन गट सर्वस्वी वेगळे असतील आणि दोहोंतील विखुरणेही असमान असेल, तर सरासरींतील फरकाची चाचणी कशी करायची? एका शाळेतील मुलांचे गुण ३० ते ४०मध्ये दाटलेले, दुसरीतील १० ते ९०मध्ये पसरलेले, असा तो प्रसंग. बेरेन्स यांनी १९२९ साली मांडलेला आणि फिशर यांनी पुढे नेलेला हा प्रश्न आजही दोघांच्या नावाने ओळखला जातो. फिशर यांचे उत्तर प्रत्यक्ष वापरायला लागणारी कोष्टके सुखात्म्यांनी तयार केली. महालनोबीस यांच्या ‘संख्या’ नियतकालिकात ती १९३८ साली प्रसिद्ध झाली आणि फिशर व येट्स यांच्या प्रसिद्ध कोष्टकसंग्रहातही गेली. जोड्या लावता आल्या, तर हा सारा पेच उद्भवतच नाही, कारण फरकांची एकच रांग उरते. संख्याशास्त्रज्ञांना जोड्यांची इतकी ओढ का, ते यावरून कळते.

सुखात्मे पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख झाले आणि निवृत्तीनंतर पुण्यात परतले. तिथे त्यांनी जो वाद ओढवून घेतला, त्याच्या मुळाशी एकाच माणसाच्या दोन मोजण्यांचाच प्रश्न होता. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१च्या आपल्या दारिद्र्यविषयक अभ्यासात माणशी दररोज २,२५० कॅलरींची रेषा धरली होती. सुखात्म्यांचे म्हणणे असे, की निरोगी माणूस तेच काम करत असतानाही त्याचे खाणे आठवड्यागणिक कमी-जास्त होते, म्हणून एका मोजणीत सरासरी गरजेखाली आढळलेला प्रत्येक जण उपाशी ठरत नाही. टीकाकारांचे म्हणणे असे, की आठवड्यांचे चढउतार पुरेशा काळात एकमेकांना भरून काढतात. जो नेहमीच खालच्या टोकाला आहे, त्याच्या ताटाला चढउतार म्हणता येत नाही. मार्चमधील ३४ गुणांच्या बाबतीत विद्यार्थ्याला दिलासा देणारा युक्तिवाद इथे देशातील भुकेल्यांची संख्या कमी दाखवू शकत होता.

दांडेकरही साताऱ्याचेच, आणि त्यांनाही तो युक्तिवाद मान्य नव्हता. १९८१ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने दोघांचे लेख आले. दोन्ही लेखांचे शीर्षक एकच होते : ‘ऑन मेझरमेंट ऑफ पॉव्हर्टी’.